उपविधी शंभरावर गेले की: वर्ड, रायटर की गूगल डॉक्स?

गृहनिर्माण संस्थेचे उपविधी टाइप करून बघा. ९९ पर्यंत सगळं एका रेषेत, आणि शंभराव्या कलमाची पहिली ओळ अचानक अर्धा इंच उजवीकडे. बहुतेकदा तिथंच पानही बदललेलं असतं, म्हणून लोक पानाला शिव्या घालतात. पण पानाचा काही दोष नसतो. वर्डच्या नेहमीच्या यादीत क्रमांक ०.२५ इंचावर, मजकूर ०.५ इंचावर, मधे जागा १८ पॉइंट (इंचाचे ७२ पॉइंट). टाइम्स न्यू रोमन फॉन्टचा १२ पॉइंटातला एकेक आकडा ६ पॉइंट, टिंब ३. तीन आकडे आणि टिंब म्हणजे २१. क्रमांक जागेत मावत नाही, मग मजकूर पुढच्या टॅबवर उडी मारतो.

वर्डमध्ये क्रमांकावर राइट-क्लिक करून ‘अ‍ॅडजस्ट लिस्ट इंडेंट्स’मध्ये मजकुराची जागा वाढवली की काम होतं. मोठ्या दस्तऐवजात मात्र मल्टिलेव्हल लिस्ट (कलम, पोटकलम अशी पातळ्यांची यादी) करून प्रत्येक पातळी स्टाइलला, म्हणजे नाव देऊन जपलेल्या मांडणीला, जोडावी. पहिल्यांदा अर्धा तास जातो आणि चिडचिड होते, हे कबूल. पण नंतर मधे कलम घुसवलं तरी समास हलत नाही.

रायटरमध्ये, म्हणजे लिबरऑफिस या मोफत संचातल्या वर्डसारख्या प्रोग्रॅममध्ये, हेच काम मला सरळ वाटतं, कारण यादीची स्टाइल परिच्छेदाच्या स्टाइलपासून वेगळी असते. क्रमांक कुठे आणि मजकूर कुठे, हे ‘पोझिशन’च्या एकाच खिडकीत ठरतं. शिवाय एक गोष्ट रायटरला सुरेख जमते. कलम ४२ मध्ये कायद्याचा उतारा आला, उतारा संपला, आणि उरलेला मजकूर त्याच कलमाचा म्हणून पुढच्या पानावर चालू ठेवायचाय. अशा वेळी आल्ट आणि एंटर एकत्र दाबा: नवा परिच्छेद, समास तोच, क्रमांक नाही. पुढचं कलम आपलं ४३ च राहतं. (यादीच्या अगदी शेवटी कर्सर असेल तर ही कळ चालत नाही.) वर्डमध्ये बॅकस्पेसने क्रमांक उडवता येतो, पण नंतर यादीचा समास बदललात तर तो परिच्छेद जुन्याच जागी राहू शकतो. त्यापेक्षा ‘लिस्ट कंटिन्यू’ ही तयार स्टाइल बरी.

कंट्रोल-एंटरची सवय मात्र दोन्हीकडे सोडा. कलमाच्या मधोमध दाबलंत की उरलेल्या अर्ध्या वाक्याला नवा क्रमांक चिकटतो. पान मुद्दाम बदलायचंच असेल तर परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्डला ‘पेज ब्रेक बिफोर’ आहे, रायटरला ‘टेक्स्ट फ्लो’खाली ‘ब्रेक’. शीर्षक पानाच्या तळाशी एकटं लटकत असेल तर ‘कीप विथ नेक्स्ट’.

गूगल डॉक्समध्येही ‘कीप विथ नेक्स्ट’ आणि ‘अ‍ॅड पेज ब्रेक बिफोर’ मिळतात, रुलरवरचा निळा त्रिकोण ओढून समास लावता येतो. पण यादीची पातळी स्टाइलला जोडता येत नाही, म्हणजे शंभर कलमांचा समास हातानेच सांभाळायचा. समितीच्या सात जणांनी एकाच मसुद्यावर सूचना टाकायच्या असतील तर डॉक्सच घ्या. छापायची प्रत त्यात करू नका.

एक गोष्ट फाइल पाठवताना नडते. रायटरवाल्या यंत्रावर टाइम्स नसला तरी त्याऐवजी येणाऱ्या लिबरेशन सेरिफ फॉन्टची अक्षरं तेवढ्याच रुंदीची असल्याने इंग्रजी ओळी जागच्या जागी राहतात. मराठीला तो आधार नाही. तुमच्याकडे मंगल फॉन्ट, त्यांच्याकडे लोहित, की ओळी बदलल्या, पानं बदलली, आणि ‘पान १२ वरील कलम’ आता पान १३ वर.

म्हणून निवड अशी करा: फाइल शेवटी ज्याच्या यंत्रावर छापली जाणार, तिथं जे आहे ते घ्या. वकिलांकडे वर्ड असेल तर वर्ड. सगळं तुम्हीच करून पीडीएफ देणार असाल तर रायटर, आणि त्यासाठी एक रुपयाही लागत नाही. आणि आधीच्या टायपिस्टनं क्रमांक हाताने टाकून पुढं स्पेसबार बडवलेला असेल, तर आधी ते सगळं पुसा. त्या फाइलला तिन्हींपैकी कुणीच वाचवू शकत नाही.