इन्व्हर्टर घेतला त्याला आठ महिने झाले

आमचं घर लांजा तालुक्यात, डांबरी रस्त्यापासून बरंच आत. कौलारू घर, पुढे पडवी, मागे न्हाणी वेगळी. वाडीची डीपी, म्हणजे घरांना वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, आमच्या घरापासून लांब आहे आणि त्या डीपीला येणारी ११ केव्हीची लाईन रानातून येते. पावसाळ्यात फांदी पडते, इन्सुलेटर फुटतो, डीओ (खांबावरचा फ्यूज) उडतो, आणि हे बहुतेक वेळा दिवेलागणीलाच होतं. दुपारी लाईट गेली तर माणूस पडवीत येऊन बसतो. संध्याकाळी सात ते दहामध्ये गेली की सगळंच अडतं. भात चुलीवर नाहीतर गॅसवर होतोच, पण मुलगी यंदा दहावीला आहे आणि सासूबाईंना दमा आहे. त्यांना झोपायच्या आधी नेब्युलायझर लागतो. तो विजेवर चालणारा आहे. मागच्या वर्षी श्रावणात एका रात्री त्या धाप लागून बसून राहिल्या आणि मी अंधारात नुसती पाठ चोळत होते. त्याच रात्री ठरवलं की पुढचा पावसाळा असा काढायचा नाही.

एप्रिलमध्ये इन्व्हर्टर घेतला. ९०० व्हीएचा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे त्याची ताकद), साईन वेव्ह म्हणजे लाईनसारखीच नितळ वीज देणारा, सोबत १५० एएचची (अँपिअर-तासांची) उंच ट्युब्युलर बॅटरी. ट्रॉली आणि जोडणी धरून तेवीस हजारांच्या आसपास गेले. साईन वेव्ह मुद्दाम घेतला. माझ्या माहेरी जुना स्क्वेअर वेव्ह, म्हणजे खडबडीत वीज देणारा, होता, त्यावर पंखा लावला की घोंघावायचा आणि मोटर तापायची. नेब्युलायझरमध्येही छोटी मोटरच असते, तिथे मला धोका पत्करायचा नव्हता. दोन-तीन हजार जास्त गेले, त्याचं आजही वाईट वाटत नाही.

दुकानदार म्हणाला होता, "वहिनी, रात्रभर चालेल, काळजीच नको." पहिल्याच मोठ्या खंडात साडेचार तासांत बॅटरी बसली. मुलीने मग वहीत हिशेब मांडला, तो इथे देते, कारण घेण्याआधी हा हिशेब कुणीच आम्हाला करून दाखवला नव्हता. १२ व्होल्ट गुणिले १५० म्हणजे कागदावर १८०० वॅट-तास. त्यातलं काही इन्व्हर्टर स्वतःच खातो. शिवाय १५० हा आकडा बॅटरी वीस तासांत हळूहळू रिकामी केली तर मिळतो. भराभर ओढली की कमी मिळतं. आणि रोज तळापर्यंत ओढली तर बॅटरीचं आयुष्य घटतं, म्हणून निम्म्यावर थांबलेलं बरं. आमच्याकडे तेव्हा ७५ वॅटचे दोन जुने पंखे, दोन जुन्या चोकवाल्या ट्यूब आणि चार-पाच बल्ब एकदम चालू असायचे. अडीचशे वॅटच्या वर. मग साडेचार तासच मिळणार.

यजमानांचं म्हणणं होतं की दुसरी बॅटरी घेऊ. मी म्हटलं, आधी जळतं काय ते कमी करू. दोन्ही पंखे बदलून बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचे, घेतले, एकेक २८ वॅटचा. ट्यूब काढून मुलीच्या खोलीत २० वॅटची एलईडी पट्टी लावली, माजघरात आणि स्वयंपाकघरात नऊ-नऊ वॅटचे बल्ब, पडवीत पाच वॅटचा पिवळा. सगळं एकदम लावलं तरी शंभराच्या आसपास. आता बॅटरी निम्म्यावर यायला साडेसहा तास तरी लागतात. पंख्यांना सहा हजार गेले, दुसऱ्या बॅटरीला पंधरा हजार गेले असते. या आठ महिन्यांत केलेल्या खर्चातला हा सर्वांत कामी आलेला खर्च. त्या पंख्यांचा आणखी एक गुण नंतर कळला: व्होल्टेज पडलं तरी ते त्याच वेगाने फिरतात. जुने पंखे संध्याकाळी असे रांगायचे की पाती मोजता यायची.

नेब्युलायझरचं तर मला आश्चर्यच वाटलं. तो १२० वॅटचा, पण चालतो दहा मिनिटं. म्हणजे वीस वॅट-तास, २८ वॅटच्या पंख्याच्या पाऊण तासाएवढं. ज्याच्यासाठी एवढा जीव टांगणीला लागला होता त्याला बॅटरीतलं थेंबभर पुरतं. हे आधी माहीत असतं तर श्रावणातली ती रात्र आलीच नसती, अगदी लहान बॅटरीवरही भागलं असतं.

आता जूनमधली गोष्ट. दोन संध्याकाळी असं झालं की शेजारी लाईट आहे, मिणमिणती का होईना, आणि आमचा इन्व्हर्टर बॅटरीवर. रात्री दहाला खरीच लाईट गेली तेव्हा बॅटरी रिकामी. बॅटरीच खराब निघाली असं धरून आम्ही दुकानात फोन केले, भांडायच्या तयारीत होतो. वायरिंग करणारा वाडीतलाच मुलगा आला, त्याने मल्टीमीटर लावला तर १६८ व्होल्ट. घरात २३० यायला हवं तिथे १६८. इन्व्हर्टरच्या मागे एक बारीक बटण असतं, यूपीएस आणि नॉर्मल अशा दोन खुणा. यूपीएसवर ठेवलं तर १८० च्या खाली व्होल्टेज गेलं की इन्व्हर्टर लाईट गेली असंच समजतो आणि बॅटरीवर जातो. म्हणजे संध्याकाळभर आमची बॅटरी व्होल्टेज नसण्याची भरपाई करत रिकामी होत होती. बटण नॉर्मलवर केलं, काम झालं. आता कमी व्होल्टेजवरही तो लाईनवरच राहतो आणि हळूहळू चार्जही होतो. घरात डेस्कटॉप असेल तर लाईट जाताना तो बंद पडून पुन्हा चालू होऊ शकतो, कारण बटण नॉर्मलवर असताना अदलाबदलीला किंचित जास्त वेळ लागतो. आमच्याकडे डेस्कटॉप नाही. खेड्यात राहत असाल आणि इन्व्हर्टर घेतलात तर पहिल्या दिवशी हे बटण बघा.

व्होल्टेजचं दुखणं मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. महावितरणच्या १९१२ या नंबरवर तक्रार नोंदवली. बिलावरचा बारा आकडी ग्राहक क्रमांक हाताशी ठेवावा लागतो. पहिल्यांदा कुणी आलं नाही, दुसऱ्यांदा वायरमन आला. त्याने खांबावर चढून पाहिलं, म्हणाला, "वहिनी, तुमच्या फेजवर, म्हणजे तुमच्या तारेवर, निम्मी वाडी आहे, दुसऱ्यावर चारच घरं." आमच्यासकट तीन घरांच्या सर्व्हिस वायरी त्याने दुसऱ्या फेजवर घेतल्या. तेव्हापासून संध्याकाळी २०५ ते २१० मिळतं. अर्ध्या तासाचं काम, पण त्याने जो फरक पडला तो कुठल्याही यंत्राने पडला नसता.

वायरिंगबद्दल एक. इन्व्हर्टरची लाईन वेगळी ओढून घ्या आणि त्या बोर्डांवर खूण करा. आमच्याकडे चुकून ओट्याजवळचा प्लग त्याच लाईनवर गेला होता. एका संध्याकाळी मी सवयीने मिक्सर लावला, ओलं खोबरं वाटायला. इन्व्हर्टर किंचाळला आणि सगळं घर काळोखात. ९०० व्हीए म्हणजे प्रत्यक्षात सातशे वॅटच्या आसपासच, आणि साडेसातशे वॅटचा मिक्सर सुरू होताना त्याहून जास्त ओढतो. तो प्लग दुसऱ्या दिवशीच काढून घेतला. आता जुलै-ऑगस्टमध्ये वाटप साडेपाचच्या आत करून ठेवते, राहिलंच तर पाटा-वरवंटा आहे. विहिरीचा पंप तर इन्व्हर्टरवर लावायचा विचारही करू नये. टाकी सकाळीच भरून घेतो.

बॅटरीची देखभाल फार नाही, पण आहे. वर सहा झाकणं, प्रत्येकात एक तरंगणारी दांडी, हिरवी आणि लाल खूण असलेली. पाणी कमी झालं की दांडी खाली उतरते आणि लाल दिसायला लागतं. मग डिस्टिल्ड वॉटर घालायचं, नळाचं नाही, विहिरीचं नाही. आम्ही ऑगस्टमध्ये पहिल्यांदा घातलं आणि पोटभर घातलं, खुणेच्या वर. रात्री चार्ज होताना ते उकळल्यासारखं वर आलं आणि झाकणांतून खाली सांडलं. सकाळी पाहिलं तर कोब्यावर हातभर पांढरा डाग, आणि पुसायला घेतलेल्या फडक्याला दोन दिवसांनी भोकं पडली. आम्ल होतं ते. हात धुतले म्हणून वाचले. आता खुणेपर्यंतच घालतो, तेही बॅटरी पूर्ण चार्ज झाल्यावर. टर्मिनलवर आमच्या दमट हवेत हिरवट-पांढरी बुरशीसारखी साय धरते, ती कोमट पाण्याने पुसून वर व्हॅसलिन लावलं की तीन महिने बघावं लागत नाही. बॅटरी माजघरात कोंडून ठेवू नका, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. आमची पडवीच्या टोकाला आहे, सासूबाईंच्या खाटेपासून लांब.

ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसात विजा फार होतात, तेही संध्याकाळीच. गडगडाट जवळ आला की मी इन्व्हर्टरचा प्लग भिंतीतून काढते. घर बॅटरीवर चालू राहतं आणि लाईनवरून येणारा झटका यंत्रापर्यंत पोचायचा धोका कमी होतो. एकदा काढायची विसरले, राउटरचा अडाप्टर जळला, इन्व्हर्टर वाचला. अर्थिंगही पाहून घ्या. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात अशी कोरडी होते की अर्थिंग असून नसल्यासारखं होतं. एप्रिल-मेमध्ये अर्थिंगच्या खड्ड्यात आठवड्याला दोन बादल्या पाणी ओततो.

बॅटरी असलेले एलईडी बल्ब तीन घेतले होते, एक न्हाणीत, एक गोठ्यात, एक जिन्याखाली. सुरुवातीला दीड-दोन तास टिकायचे. आता न्हाणीतला वीस मिनिटांत मंदावतो. त्यांवर भिस्त ठेवू नका. मात्र दाराशी चांगला टॉर्च हवाच. पावसाळ्यात आमच्या अंगणात फुरसं निघतं, पायरीच्या दगडाशी वेटोळं करून बसलेलं अंधारात दिसत नाही. पडवीतला पिवळा बल्ब मी याच विचाराने लावला. पांढऱ्यापेक्षा त्यावर पाखरं कमी येतात, आणि पाखरं कमी तर बेडूक कमी, बेडूक कमी तर बाकीचं जनावरही पायरीशी कमी.

इन्व्हर्टर तासांसाठी आहे, दिवसांसाठी नाही, हेही सांगायला हवं. माझं माहेर दापोली तालुक्यातलं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात खांबच्या खांब आडवे झाले आणि लाईट कित्येक दिवस आली नाही. माहेरचा इन्व्हर्टर दुसऱ्या रात्री संपला. नंतर कामी आले ते उन्हात चार्ज होणारे दोन कंदील. म्हणून आमच्याकडेही असा एक कंदील खुंटीला आहे, दर रविवारी उन्हात ठेवते. टॉवरची बॅटरी संपली की मोबाईलची रेंजही जाते, त्यामुळे सासूबाईंच्या डॉक्टरांचा नंबर, औषधांची नावं आणि रिक्षावाल्याचं घर कुठे, हे कागदावर लिहून कपाटाच्या दाराला चिकटवलंय.

वाडीत एकाने पंतप्रधान सूर्यघर योजनेतून छपरावर पॅनेल बसवले, आता आपली लाईट जाणार नाही या समजुतीने. ती जाते. लाईनला जोडलेलं सोलर लाईन बंद पडली की स्वतःही बंद होतं, नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या विजेचा धक्का बसेल. बॅटरी नसेल तर संध्याकाळी त्याचा उपयोग नाही. बिल कमी होतं हे खरं, आणि त्यासाठी ते चांगलंच आहे.

परवा रात्री आठला लाईट गेली. मुलगी भूमितीचं प्रमेय सोडवत होती, तिने मान वर केली नाही. सासूबाईंनी मात्र आतून हाक मारली, "अगो, लाईट गेली काय?" पंखा फिरत असल्यामुळे त्यांना कळलं नव्हतं, शेजारचा टीव्ही बंद झाला म्हणून शंका आली. मी म्हटलं, गेली. त्यांनी नेब्युलायझरची पिशवी जवळ ओढली आणि पुन्हा जपमाळ घेतली. बॅटरीचं पाणी आता संक्रांतीला बघायचं आहे, कॅलेंडरवर लिहून ठेवलंय.