फाइव्ह स्टार एसी घेतला पण चिकचिक काही जाईना

डोंबिवलीत राहतो. गेल्या एप्रिलात दीड टनाचा फाइव्ह स्टार इन्व्हर्टर एसी घेतला, कंपनीचं नाव लिहीत नाही कारण हा प्रॉब्लेम एकट्या त्या कंपनीचा नाहीये. उन्हाळ्यात मस्त चालला, आवाज नाही, बिल जुन्या एसीपेक्षा कमी.

जून लागला आणि खरी गंमत कळली. २६ वर ठेवला की हवा गार पण अंग चिकट, उशीचा अभ्रा दमट, बाल्कनीत नळीखाली ठेवलेली बादली सकाळी जेमतेम अर्धी. मग २२ वर आणायचा, बादली काठोकाठ भरते, अंगही कोरडं राहतं, पण आई मध्यरात्री गोधडी ओढून घेते आणि सकाळी तिचे गुडघे धरलेले असतात. म्हणजे आपल्याला गारवा नको असतो, ओल घालवायची असते, आणि त्यासाठी आपण खोलीचा फ्रीज करून वीज जाळतो.

याचं उत्तर शोधायला मोठी स्पर्धा झाली होती आणि तिची चाचणी आपल्या शेजारी पलावात झाली हे किती जणांना माहितीये? ग्लोबल कूलिंग प्राइझ, २०१८ मध्ये दिल्लीत जाहीर झालं, आपलं केंद्र सरकारही त्यात होतं. अट अशी की आपल्याकडच्या साध्या दीड टनाच्या एसीपेक्षा हवामानाचं नुकसान पाचपट कमी पाहिजे, वीज आणि एसीत भरलेला गॅस दोन्ही धरून, आणि किंमत दुपटीच्या वर नको. मला सगळ्यात आवडलेली अट म्हणजे खोली २७ डिग्रीच्या खाली आणि दमटपणा ६० टक्क्यांच्या खाली, दोन्ही एकाच वेळी. आपल्या स्टिकरवरच्या स्टारमध्ये ओल किती ओढली याला वेगळे मार्कच नाहीत हो! स्पर्धकांचे एसी पलावातल्या खऱ्या फ्लॅटमध्ये लावले, अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठाच्या लॅबमध्येही तपासले. फायनलच्या आठ टीममध्ये आपली गोदरेजही होती. एप्रिल २०२१ मध्ये डायकिन आणि चीनची ग्री, दोघांच्या टीम जिंकल्या.

म्हणजे असा एसी बनतो हे सिद्ध झालं. पण मी खरेदीला तीन दुकानं फिरलो, कुणी या बक्षिसाचं नावही ऐकलेलं नव्हतं, सगळे फक्त स्टार मोजून दाखवत होते. इथेच मला वाटतं, नुसता एसी बनवून दाखवला म्हणून बक्षीस देऊन थांबू नये, तो विकलाही गेला पाहिजे. अमेरिकेत १९९३ ला कमी विजेच्या फ्रीजसाठी ३ कोटी डॉलरची स्पर्धा झाली, व्हर्लपूल जिंकली, आणि पैसे मिळणार होते ते विकलेल्या फ्रीजच्या हिशोबाने. विक्री अपेक्षेइतकी झाली नाही तरी फ्रीज निदान लोकांच्या स्वयंपाकघरात गेले ना. आपल्याकडे सरकारने आधीच सांगावं की जिंकलेला एसी ऑफिसं, हॉस्पिटलं, रेल्वेसाठी आम्ही लाखांच्या संख्येने घेऊ, मग बघा कंपन्या कशा पळतात.

माझ्या एसीला उन्हाळ्यासाठी चार स्टार, पावसाळ्यासाठी दोन. २६ वरही अंग कोरडं ठेवणारं मॉडेल कुणी वापरत असाल तर प्लीज सांगा, आईच्या खोलीत अजून एक बसवायचाय.