चंद्राचा फोटो की घरातला?

मन शांत करायला आणि स्वतःला ओळखायला कोणते फोटो काढावेत, चंद्राचे की घरातल्या-बाजारातल्या रोजच्या क्षणांचे? संकष्टीला चंद्रोदयाची वेळ कॅलेंडरवर छापलेलीच असते, म्हणून चंद्राचे फोटो मी त्या रात्रीपासून काढू लागले. पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, तेव्हा पुण्यातली वेताळ टेकडी. संकष्टीला आमची गच्ची. ट्रायपॉड लावायचा आणि वाट बघायची. चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा येतो, तिथे आपली घाई चालत नाही. उजेडाचं गणितही ठरलेलं: पौर्णिमेचा चंद्र वर आला की कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची क्षमता (आयएसओ) 100, भिंगाचं छिद्र एफ/11, शटर 1/100 सेकंदाच्या आसपास. खड्डे मात्र अष्टमीलाच खरे उठून दिसतात, कारण तेव्हा प्रकाश-अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपं पडतं नि सावल्या लांबतात. त्या तासाभरात मनातली दिवसभराची बडबड हळूहळू थांबते.

रोजच्या क्षणांना वेळापत्रक नसतं. मंडईत मेथीच्या जुड्यांवर पाणी शिंपडणारा हात, आईच्या चष्म्यावर आलेलं सकाळचं ऊन. मोबाइल पुरतो, पण तो काढेपर्यंत क्षण गेलेला असतो.

शांत व्हायचं असेल तर चंद्र. स्वतःला ओळखायचं असेल तर मात्र हे दुसरे फोटो, यात मला शंका नाही. वर्षभराचे एकत्र पाहिले तेव्हा कळलं, मी सतत आईचे हातच टिपत होते.