मॉलमधलं बाली जेवण की वावरातले रोडगे?

पोरीच्या वाढदिवसाला नागपूरच्या एका मॉलमधल्या इंडोनेशियातल्या बाली बेटाच्या थीमच्या हॉटेलात गेलो आणि पुढच्याच रविवारी मामाच्या वावरात रोडगे, म्हणजे कणकेचे भाजलेले गोळे, होते, दोन्ही ताजं आठवते म्हणून सांगून टाकतो.

मॉलमध्ये एसी, दगडी मूर्ती, अन् केळीच्या पानावर नासी चांपुर, म्हणजे मधोमध भात आणि भोवती थोडं थोडं सगळं. साते लिलित एक नंबर बरं का, खिमा मसाल्यात मळून गवती चहाच्या दांडीवर लपेटून निखाऱ्यावर भाजतात, दांडी हातात घेतली की वास थेट नाकात. सांबल माताह म्हणजे कच्चा कांदा, मिरची, गवती चहा बारीक चिरून वरून खोबऱ्याचं तेल, ठेच्यासारखंच पण कुटत नाहीत. आणि टेम्पे! तो सोयाबीनचाच असते बॉ, शिजवून आंबवून घट्ट वडी धरलेली. आपण एवढं सोयाबीन पिकवतो अन् विकून मोकळे होतो, ताटात असं कधी येतच नाही, हे मले लय लागलं.

रोडग्यांचं वेगळं. गोवऱ्यांच्या आरात भाजले, राख झटकून फोडला की आतून वाफ, त्यात तुपाची धार, वांग्याची भाजी, वरण. मामी आग्रह करकरून वाढते. मॉलमध्ये भात परत मागितला तर त्याचं वेगळं बिल लागलं.

पोराईले नवीन चव दाखवायची तर बाली, टेम्पे नक्की घ्या. आईले न्यायचं असेल तर वावरच, मॉलमध्ये तिले अर्धाच भात गेला, वावरात रोडगे मात्र दोन खाल्ले.