हलका बार की दणकट? चेनसॉचे तीन बार हंगामभर वापरल्यानंतर

आमचं काम दोन प्रकारचं. नागपूर शहरात वादळानं पाडलेली झाडं उचलायची, आणि काटोल-नरखेडकडे डिंक्या रोगानं गेलेल्या संत्र्याच्या बागा काढून द्यायच्या. मशीन ५० सीसीच्या आसपासचं. त्यावर १८ इंची तीन बार, म्हणजे जिच्या कडेनं चेन फिरते ती लांब पट्टी, आलटून पालटून वापरले: साधा लॅमिनेटेड, सॉलिड आणि आतून पोकळ असलेला हलका.

लॅमिनेटेड म्हणजे तीन पत्रे वेल्ड करून जोडलेले. मधला अरुंद, म्हणून कडेनं चेन धावायची खाच तयार होते. स्टिल (Stihl) कंपनीचा रोलोमॅटिक ई याच बांधणीचा. सॉलिडमध्ये एकाच जाड पट्टीत खाच कोरलेली असते, आणि ओरेगॉन कंपनीच्या पॉवरकटसारख्या बारचं नाक, म्हणजे पुढचं टोक, झिजलं तर तेवढंच बदलता येतं.

काट्यावर सॉलिड आणि हलक्यात पाव किलोच्या आसपास फरक निघाला. पाचेक किलोच्या मशीनवर पाव किलोनं काय होतं, असं कुणीही म्हणेल. पण हे वजन हातापासून लांब असतं. आडव्या पडलेल्या कडुनिंबाच्या फांद्या तोडताना मशीन सारखं फिरवावं लागतं. सॉलिड बार असला की नाक खाली झुकतं आणि ते सावरण्यातच मनगट दमतं. जेवणाच्या सुट्टीआधीच आमचा ऑपरेटर म्हणायचा, "भाऊ, तो दुसरा बार द्या नं, हात भरून आले." हलका लावला की दिवस निघून जायचा. लॅमिनेटेड या दोघांच्या मधला, पण हाताला हलक्याच्या जवळचा वाटतो.

टिकण्याचं गणित वेगळं आहे. मोठा बुंधा कापताना लाकूड बसतं आणि बार चिमटला जातो. अशा वेळी सॉलिड निमूट सोसतो, थोडा वाकला तरी ऐरणीवर ठोकून सरळ करता आला. हलका एकदा चिंचेच्या बुंध्यात अडकला, कुणीतरी मशीन धरून हिसकलं आणि टोकाकडे बाक आला तो गेलाच नाही. पोकळ पत्रा ठोकायला गेलं की आणखी बिघडतो. अडकला तर पाचर मारा, हिसका देऊ नका.

कडांची झीज मात्र तिन्हींत सारखीच झाली, आणि त्याला कारण काळी माती. संत्र्याचं झाड जमिनीलगत कापा म्हणतात शेतकरी; बुंध्याला चिकटलेली माती चेनबरोबर खाचेत शिरते आणि कड घासून काढते. आता आधी बुंधा खरवडून घेतो. शहरातल्या झाडांत फलकांचे खिळे, त्याबद्दल न बोललेलं बरं.

खालच्या कडेवर नाकाच्या मागे निळसर डाग दिसला की समजायचं, बार तापलाय. तापला की कडेचा कडकपणा जातो आणि तिथूनच ती फुटायला लागते. मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना पातळ ऑइल टिकत नाही, चेन ते फेकून देते. जळकं इंजिन ऑइल तर कुणीही टाकू नये, त्यात लोखंडाचा बारीक चुरा असतो. आम्ही उन्हाळ्यात घट्ट चेन ऑइल वापरतो आणि सकाळी बारचं टोक पांढऱ्या गोणीसमोर धरून मशीन फिरवतो. ऑइलची रेघ उमटली नाही तर आधी ऑइलचं भोक साफ.

कडेला बाहेर आलेली धारदार कोर दर आठवड्याला सपाट कानशीनं काढायची आणि बार उलटा लावायचा, म्हणजे झीज दोन्ही बाजूंना वाटली जाते. खाच रुंद झाली का ते पाहायला चेनच्या दाताला आणि बारला लागून स्टीलची पट्टी धरा. पट्टी आणि बारमध्ये फट दिसली तर ठीक. पट्टी बारला सपाट चिकटली तर चेन कलतेय, कापही वाकडाच जाणार.

सध्या छाटणीच्या मशीनवर हलका, बुंध्याच्या मशीनवर सॉलिड. एकच मशीन असेल तर माझं मत लॅमिनेटेडला, कारण वाकला तरी फार जीव जळत नाही. सॉलिडच्या किमतीत जवळपास दोन येतात. लकडगंजात घेताना बारच्या मागच्या टोकावर छापलेला गेज, म्हणजे खाचेची रुंदी, वाचून घ्या: १.३, १.५ की १.६ मिमी. दुकानदार 'चालून जाईल' म्हणतो. १.३ ची चेन १.६ च्या खाचेत डुलत राहते, आणि १.६ ची १.३ मध्ये शिरतच नाही.