भाताचं तूस: आठ महिने, तीन लॉट आणि बारदानाचे ते वीस रुपये

आधीच सांगते, तुसाकडे मी हौसेनं वळले नाही. जूनमध्ये कावेरी जातीच्या कोंबडीची २०० पिल्लं आणली तेव्हा गादीला, म्हणजे पिल्लांखाली अंथरायच्या थराला, वखारीतला करवतीचा भुसा टाकला होता. फुकट होता म्हणून. पोती वळवाच्या पावसात भिजलेली, आत हात घातला तर कोमट लागला. म्हटलं, बरंय की, पिल्लांना ऊब!

सहाव्या दिवशी पिल्लं माना ताणून, चोची वासून श्वास घेऊ लागली. मी सर्दीचं औषध पाण्यातून चालू केलं, त्यात ३०० रुपये गेले. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मेलेलं पिल्लू फाडून दाखवलं. फुप्फुसावर रव्याच्या कणांसारखे पिवळट दाणे. "ताई, सीआरडी (कोंबड्यांचा श्वासाचा चिवट आजार) असती तर घरघर ऐकू आली असती. ही धापतायत, पण आवाज येतोय का?" नव्हता येत. भुशातली बुरशी, अ‍ॅस्परजिलस. तिच्यावर औषध नाही, गादी उचला म्हणाले. ३७ पिल्लं गेली, ३२ रुपयांना एक. हिशेब तुम्हीच करा, मी एकदा केलाय.

तेव्हापासून तूस. आमच्या भोरकडे भातगिरण्या आहेत, तेव्हा तुसाला तोटा नाही. पोतं ६० रुपये. दहा बाय दहाच्या खोलीत दोन इंच थर द्यायला चार पोती लागतात. पण बारदानाचे, म्हणजे रिकाम्या पोत्याचे, २० वेगळे! आणि बारदान परत नेलं तर पैसे परत नाहीत, गिरणीवाला म्हणतो, "पुढच्या वेळी बघू". आठ महिने तो बघतोय.

बरं, त्या बारदानात माल कसला? दुसऱ्यांदा आणलं तेव्हा एका पोत्याच्या तळाला ओल होती, हिरवट काळी ढेप निघाली. एकदा पोळलेली आहे मी, पोतं तसंच परत नेलं. आता गिरणीतच प्रत्येक पोतं ओतून बघते, वास घेते. लोक हसतात, हसू देत. कोंडा मिसळलेलाही घेत नाही, पिल्लं तो टिपत बसतात आणि ओल लागली की तोच आधी बुरसटतो. घरी आणून वाऱ्यावर सुपानं उपणते. तोंडाला ओढणी बांधून. जी धूळ माझ्या ओढणीवर बसते ती पिल्लांच्या नाकात गेली असती. पहिले तीन दिवस वर जाड खरबरीत कागद. वर्तमानपत्र नको, पाय घसरून फाकतात.

इथवर पाचपैकी पाच देणार होते. मग श्रावण आला.

तूस पाणी पीत नाही हो. भांड्यातलं सांडलेलं खाली झिरपतं, वरून कोरडं दिसतं, खाली चिखल. चौदाव्या दिवशी सासूबाई पिल्लं बघायला खाली बसल्या आणि डोळे पुसत उठल्या. मी रोज दोनदा आत जाते, मला वासच नाही! नाक सरावतं. ओल्या विष्ठेतून सुटणारा अमोनिया २५ पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग) वर गेला की पिल्लांची श्वासनलिका सोलवटते आणि मग सीआरडीला दार उघडंच. उभ्या माणसाला कळत नाही, पिल्लाचं नाक जमिनीपासून तीन इंचांवर. आता रोज गुडघ्यावर बसून वास घेते. त्या दिवशी घाईनं चुना मारला, तर वास आणखी भडकला. ओल्या गादीवर चुना पडला की अमोनिया जास्तच सुटतो, हे नंतर कळलं.

शेवटी पाण्याच्या भांड्यांखाली रंध्याचा भुसा (सुताराच्या रंध्यातून निघणारी सालपटं), कोरडा, जाडा, बाकी सगळीकडे तूस. रोज सकाळी दाताळ्यानं खालीवर. भांडी विटांवर चढवली. पडदेही चुकत होते माझे. उबेसाठी रात्री पार बंद करायचे, आता वास बाहेर पडायला वरचा फूटभर उघडा ठेवते. बल्ब एक वाढला, बिल थोडं चढलं, त्यावर घरात दोन दिवस बोलणं खाल्लं. ऑक्टोबरच्या लॉटमध्ये ९ पिल्लं मेली, जानेवारीत ५.

तर तुसाला चार. उन्हाळा-हिवाळ्यात डोळे झाकून घ्या, पावसाळ्यात रंध्याच्या भुशाशिवाय नको. कापलेला एक गुण तुसाचा नाहीच, बारदानाचा आहे. मागच्या आठवड्यात मी घरची स्वच्छ पोती घेऊन गेले. म्हणाला, "भरायचे दहा पडतील."