नीस की मार्सेय? युरोप फिरताना एकट्याने एक-दोन रात्री समुद्राकाठी थांबायचं असेल तर

पॅरिस किंवा बार्सिलोना उरकून इटलीकडे निघालं की मध्ये फ्रान्सचा दक्षिण किनारा लागतो, आणि तोपर्यंत म्युझियम, चर्च, हॉस्टेलच्या डॉर्ममधली घोरणारी मंडळी ह्या सगळ्याचा इतका कंटाळा आलेला असतो की आता कुठेतरी समुद्र बघून गप पडून राहू असं वाटायला लागतं. मग प्रश्न येतो नीसला उतरायचं की मार्सेयला. मी दोन्हीकडे एकटी राहिले आहे म्हणून माझं मत आधीच सांगून टाकते: हातात एकच रात्र असेल तर नीस, डोळे मिटून. दोन रात्री असतील आणि पायात दम असेल तर मार्सेय, आणि तिथे मी चक्क आग्रह करेन.

आधी रूट बघा, कारण अर्धा निर्णय तिथेच होतो. पॅरिसहून मार्सेय टीजीव्हीने (फ्रान्सची वेगवान ट्रेन) सव्वातीन-साडेतीन तासात येतं, नीसला पावणेसहाच्या आसपास लागतात. मार्सेय ते नीस साधारण अडीच-पावणेतीन तास. नीसपासून इटलीची हद्द अगदी जवळ, लोकल टाइप ट्रेन तासाभरात व्हेंतिमिलिया ह्या इटलीतल्या सीमेवरच्या गावाला सोडते आणि तिथून जेनोवाची गाडी मिळते. म्हणजे इटलीला जाणाऱ्याला नीस वाटेवरच आहे, मार्सेय मात्र बार्सिलोनाकडून येणाऱ्याला जास्त सोयीचं पडतं.

पाठीवर दहा-बारा किलोची सॅक घेऊन स्टेशनबाहेर आल्यावरचा पहिला अर्धा तास एकट्या माणसाला फार महत्त्वाचा असतो, आणि ह्यात नीस सरळसरळ जिंकतं. स्टेशनवरून जाँ मेदसाँ नावाचा सपाट रस्ता थेट खाली समुद्राच्या दिशेने जातो, वीस-पंचवीस मिनिटं चाललात की पाणी दिसतं. विमानाने आलात तर एअरपोर्टवरूनच ट्राम आहे. मार्सेयचं सँ-शार्ल स्टेशन टेकाडावर आहे, बाहेर आलं की १०४ पायऱ्यांचा भलामोठा जिना आणि समोर लांब डोंगरावर नोत्र-दाम द ला गार्दचं चर्च. दृश्य एक नंबर, पण परत जाताना सॅक घेऊन त्या पायऱ्या चढायचा उत्साह कोणालाच नसतो, तेव्हा सरळ मेट्रो घ्या, जुन्या बंदरापासून दोनच स्टॉप आहेत.

आता समुद्र, ज्याच्यासाठी एवढा खटाटोप. नीसच्या बीचवर वाळू नाहीये, हे बऱ्याच जणांना तिथे पोचल्यावरच कळतं. सगळे गोल गुळगुळीत राखाडी गोटे, लाट मागे जाताना ते एकमेकांवर घासत खडखड आवाज करत खाली ओढले जातात, आणि तळ पटकन खोल होतो. अनवाणी चालवत नाही, रबरी शूज हवेतच. पोहायला येत नसेल किंवा लाटा मोठ्या असतील तर नुसतं काठावर बसा. पोहायचंच असेल तर ट्रेनने सात-आठ मिनिटांवर व्हिलफ्रांश गाव आहे, स्टेशनच्या अगदी खाली बीच, पाणी शांत, आणि पायाला त्रास कमी. मार्सेयला जुन्या बंदरापासून चालत जाण्यासारखा कातालाँचा छोटा बीच आहे, वाळूचा, पण उन्हाळ्यात टॉवेल पसरायला जागा मिळेल तर शपथ. एकट्याचा खरा प्रॉब्लेम दोन्हीकडे सारखाच आहे, पाण्यात शिरल्यावर बॅग कोण सांभाळणार? पासपोर्ट, कार्ड, जास्तीची कॅश हॉस्टेलच्या लॉकरमध्ये ठेवूनच बीचवर जा, आणि फोनसाठी गळ्यात अडकवायचा वॉटरप्रूफ पाऊच आपल्याकडूनच घेऊन जा.

पण मार्सेयचा समुद्र म्हणजे शहरातला बीच नव्हेच, तिथे जायचं ते कलांकसाठी. पांढऱ्या चुनखडीचे उंच कडे आणि मधे आत घुसलेलं निळंहिरवं पाणी, २०१२ पासून हे नॅशनल पार्क आहे आणि तरी शहराच्या बसने जाता येतं. शहरातल्या कास्तेलान चौकातून ल्युमिनीची बस पकडायची, शेवटच्या स्टॉपपासून चालायला लागायचं, पाऊण तासात सुजितों नावाच्या कलांकच्या वरचा पॉइंट येतो आणि खाली बघितल्यावर माणूस दोन मिनिटं बोलत नाही. खाली उतरायला अजून थोडा वेळ, वाट निसरडी आहे, खडक हजारो पावलांनी घासून गुळगुळीत झालेत, त्यामुळे चपला घालून जायचा विचारसुद्धा करू नका. पाणी दीड-दोन लिटर न्या, वाटेत काहीही मिळत नाही. आणि हे नीट वाचा: उन्हाळ्याच्या गर्दीत सुजितोंला उतरायला आधी ऑनलाइन बुकिंग लागतं, फुकट आहे पण लागतं, शिवाय जून ते सप्टेंबर वणव्याच्या धोक्यामुळे पार्क एखाद्या दिवशी बंदही ठेवतात. दुसऱ्या दिवशीची स्थिती आदल्या संध्याकाळी कळते. एकच दिवस घेऊन गेलात आणि नेमका तोच बंद निघाला तर हात हलवत परत, म्हणूनच मार्सेयला दोन रात्री म्हणते.

खाण्यात दोन्हीकडे शाकाहारी माणसाचं बरं चालतं. नीसला सोक्का मिळतो, हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ, ऑलिव्ह ऑइल, भल्यामोठ्या तांब्याच्या परातीत ओतून लाकडाच्या भट्टीत भाजतात, कडा कुरकुरीत, मधे मऊ, वरून मिरपूड, म्हणजे आपलं बेसनाचं धिरडंच, फक्त हळद-मिरची नाही. हाताने खायचा, गरम असतानाच, गार झाला की मजा गेली. कांद्याची पिसालादिएर दिसायला शाकाहारी दिसते पण तिच्यात अँचोव्ही मासा असतो, विचारून घ्या. मार्सेयला बुयाबेस ह्या प्रसिद्ध माशांच्या सूपच्या नादी एकट्याने लागू नका, महाग असतं आणि बऱ्याच ठिकाणी दोन माणसांपासूनच देतात. त्यापेक्षा जुन्या बंदराला लागून नोआयचा बाजार आहे तिथे जा. पुदिन्याच्या जुड्या, ऑलिव्हच्या बादल्या, अल्जीरिया-ट्युनिशियाची दुकानं, तव्यावर भाजलेली कांदा-टोमॅटोचं सारण भरलेली चौकोनी महाजेब मिळते, त्यात पोट भरतं आणि खिशालाही झेपतं. राहण्याचाही तोच हिशोब, नीस महाग, आणि कान फिल्म फेस्टिवल किंवा मोनॅकोच्या रेसच्या दिवसात तर बेडचे रेट ऐकवत नाहीत.

सेफ्टीबद्दल खरं तेच सांगते. मार्सेयचं नाव खराब आहे, पण बातम्यांमधली गोळीबाराची प्रकरणं बहुतेक उत्तरेकडच्या वस्त्यांमधली असतात, तिकडे आपलं काही काम नसतं. तरी स्टेशनच्या आसपास आणि नोआयच्या गल्ल्यांत रात्री उशिरा एकटं फिरू नये, मी तरी फिरले नाही. नीसला समुद्राकाठचा प्रोमनाद, म्हणजे फिरायचा रस्ता, रात्रीही माणसांनी भरलेला असतो, तिथे निळ्या खुर्च्या ठेवलेल्या आहेत, फुकट, कोणी उठवत नाही, तिथे बसून दोन तास समुद्राकडे बघणाऱ्या एकट्या बाईला कोणी काही विचारत नाही. एकटीने पहिल्यांदाच निघालेल्या मुलीला मी म्हणूनच आधी नीस सांगते.

मार्सेयचं अजून एक कारण आहे आणि ते आपल्या लोकांसाठीच आहे. शाळेत मार्सेलिस म्हणून वाचलेलं बंदर ते हेच. ८ जुलै १९१० ला सावरकरांनी मोरिया बोटीतून इथेच उडी मारली, किनारा गाठला, आणि फ्रेंच पोलिसाने पकडून परत इंग्रजांच्या ताब्यात दिलं, ते प्रकरण हेगच्या लवादापर्यंत गेलं आणि १९११ मध्ये निकाल इंग्रजांच्या बाजूने लागला. पहिल्या महायुद्धात १९१४ साली भारतीय सैनिक युरोपात उतरले तेही ह्याच बंदरात, कलांकच्या बाजूला माझार्गला त्यांचं स्मारक आणि दफनभूमी आहे. संध्याकाळी फोर सँ-जाँ किल्ल्याच्या तटावर जा, आत फिरायला पैसे पडत नाहीत, समोरून कॉर्सिका आणि अल्जीरियाच्या मोठ्या फेरीबोटी सुटताना दिसतात आणि त्या पाण्याकडे बघताना उडीची गोष्ट पुस्तकातली राहत नाही.

वार बघून जा. मंगळवारी मार्सेयचं म्यूसेम नावाचं म्युझियम बंद, नीसची मातिस आणि शागाल म्युझियमंही बंद. सोमवारी नीसच्या कूर सालेयावर फुलांचा बाजार नसतो, जुन्या वस्तूंचा भरतो. आणि दोन्ही शहरं जमवणार असाल तर मार्सेय आधी करा, मग नीस, त्या गाडीत उजव्या बाजूची खिडकी घ्या, सँ-राफाएल ते कान ह्या टप्प्यात एस्तरेल डोंगराचे लालभडक खडक थेट पाण्यात उतरलेले दिसतात.